भाड्याने दिलेल्या घराचं कर्ज : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुलं पत्र

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

स. न. वि. वि.

फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात आपल्या पतधोरण समितीने रेपो दर, म्हणजे आपण बँकांना ज्या दराने पैसे उसने देता तो, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. दर वेळी वर्तमानपत्रांत 'हप्ते उतरणार' अशी बातमी आली. माझा हप्ता मात्र जवळपास होता तिथेच आहे. तो उतरवण्यासाठी कर्ज दुसरीकडे हलवायला निघाले, तेव्हा कळलं की माझ्या अडचणीचं मूळ माझ्या उत्पन्नात नाही आणि सिबिल स्कोअरमध्येही नाही. ज्या घरावर हे कर्ज आहे त्यात मी राहत नाही, भाडेकरू राहतात, एवढंच माझं चुकतं. हे मी निमूटपणे मान्य करू शकत नाही, म्हणून हे पत्र. ते आपल्या नावाने आहे, पण माझ्यासारख्या एकेका घराच्या मालकांनी आणि त्यांना कर्ज देणाऱ्यांनीही ते वाचावं.

आधी माझी बाजू सांगते. मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करते. २०१८ साली आम्ही नवरा-बायकोने एका गृहवित्त कंपनीकडून कर्ज काढून फ्लॅट घेतला. पुढे नवऱ्याची बदली झाली, सासूबाईंनाही एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही त्यांच्या घरी राहायला गेलो आणि फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिला. भाडं खात्यात येतं, त्यात पगारातले पैसे घालून हप्ता जातो. मधून मेंटेनन्स, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, मालमत्ता कर आणि दर करारामागे दलाली वजा करा. भाडेकरू बदलताना महिना-दोन महिने घर रिकामं राहतं, तो सगळा भार पगारावर. 'गुंतवणूकदार' म्हटलं की लोकांना दहा फ्लॅटांचा मालक दिसतो. आमच्यासारख्यांना गुंतवणूकदार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग त्याचे फायदेही कुठेतरी दिसू देत.

पहिली तक्रार व्याजदराच्या मापदंडाची. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवीन फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडावीत असं आपण बंधन घातलंत. ते योग्यच होतं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गृहवित्त कंपन्यांचं नियमन राष्ट्रीय आवास बँकेकडून आपल्याकडे आलं, आणि हे बंधन त्यांना लागू झालं नाही. त्या आजही आपापला प्राइम लेंडिंग रेट, म्हणजे ज्यावरून ग्राहकाचा व्याजदर ठरतो तो मूळ दर, स्वतः ठरवतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ टक्क्यांवरून ६.५० वर गेला, तेव्हा माझा दर लगोलग चढला. हप्ता फारसा हलला नाही, मुदत वाढली, इतकी की शेवटचा हप्ता माझ्या निवृत्तीच्या पलीकडे गेला. त्याबाबत मला एक एसएमएस आला होता. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये आपण परिपत्रक काढून सांगितलंत की असं करताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. चांगलं केलंत. पण दर उतरायची पाळी आली तेव्हा कंपनीचा प्राइम रेट सावकाश आणि अर्धवट उतरला. नवीन ग्राहकाला मिळणारा दर मला हवा असेल तर 'कन्व्हर्जन फी' भरा, असं सांगण्यात आलं.

बँकांचे जुने ग्राहकही या बाबतीत फार सुखात नाहीत. मापदंडाच्या वर बँक जो जादा टक्का लावते त्या स्प्रेडमधले काही घटक तीन वर्षांच्या आत कमी करायला आपण १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना मोकळीक दिलीत. पण ती मोकळीक आहे, बंधन नाही. दारात दुसरी बँक उभी राहिल्याशिवाय कुठलीही बँक अशी मोकळीक वापरत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.

आणि हा फरक किरकोळ नाही. ३० लाख मुद्दल शिल्लक आहे आणि मुदत पंधरा वर्षं उरली आहे, असं धरा. दर सव्वानऊ टक्के असेल तर हप्ता ३०,८७६ रुपये. साडेआठ टक्के असेल तर २९,५४२. महिन्याला तेराशेहून थोडे जास्त वाचतात, पूर्ण मुदतीत सुमारे २ लाख ४० हजार. पण कर्ज हलवायचं म्हणजे नव्या ठिकाणची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणाच्या कागदावर पुन्हा मुद्रांक शुल्क आणि पुन्हा नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना. हे सगळं मिळून चाळीस हजार धरले तरी ते भरून निघायला अडीच वर्षं जातात. म्हणजे कर्ज लवकर हलवलं तरच त्यात अर्थ आहे. जितका उशीर, तितका फायदा आटतो, आणि जुन्या सावकाराला हे पक्कं ठाऊक असतं.

दुसरी तक्रार या पत्राचा गाभा आहे. कर्ज हलवण्यासाठी मी एका बँकेचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता : सेल्फ-ऑक्युपाइड की लेट-आउट. मी लेट-आउटवर खूण केली आणि समोरच्या तरुणाचा चेहरा पडला. म्हणाला, "मॅडम, सेल्फ-ऑक्युपाइड लिहून टाका ना. कोण बघायला येतंय?" मी म्हटलं, तुमचाच व्हॅल्युअर बघायला येईल, तेव्हा दार भाडेकरू उघडतील. शिवाय कराराची नोंदणी झालेली आहे, भाडं माझ्या रिटर्नमध्ये दाखवलेलं आहे. खोटं मी का लिहू? त्याने खांदे उडवले आणि फॉर्म बाजूला ठेवला. दोन दिवसांनी उत्तर आलं : बॅलन्स ट्रान्सफर करता येईल, पण दर जाहिरातीतल्यापेक्षा जास्त लागेल, टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मिळणार नाही, आणि हवं असेल तर हेच कर्ज 'मालमत्ता तारण' या प्रकारात बसवून देऊ. मालमत्ता तारण कर्जाचा दर गृहकर्जापेक्षा किती चढा असतो, हे कर्ज काढलेल्या कुणालाही माहीत आहे.

त्या मुलावर माझा राग नाही, त्याला टार्गेट असतं. मला खटकते ती गोष्ट ही, की खरं सांगणाऱ्याला जादा दर आणि खोटं लिहिणाऱ्याला जाहिरातीतला दर, अशी सोय आपल्या नजरेखाली चालू आहे. अशा किती अर्जांत 'स्वतः राहतो' असं लिहिलं जात असेल, याची कुठल्या तरी तपासणीत एकदा चाचपणी करून बघा.

आणि यात जास्त जोखीम आहे म्हणून जास्त दर, असं कुणी म्हणत असेल, तर आपलीच नियमावली त्यांच्यासमोर ठेवते. बँकांनी किती भांडवल बाजूला ठेवायचं हे ठरवणाऱ्या आपल्या बासेल नियमांत निवासी मालमत्तेच्या कर्जाची व्याख्या करताना कर्जदार स्वतः राहतो ते घर आणि भाड्याने दिलेलं घर, ही दोन्ही एकाच ओळीत आली आहेत. वेगळी वागणूक सुरू होते ती तिसऱ्या घरापासून : तिथून पुढचं कर्ज व्यावसायिक स्थावर मालमत्तेत धरायचं. तिसऱ्या-चौथ्या घरावर बँकांनी हात आखडता घेतला तर माझी हरकत नाही, तो धंदाच आहे. पण मी एका घराची मालक आहे. माझ्या कर्जापायी बँकेला जादा भांडवल ठेवावं लागत नसेल, तर माझ्याकडून जादा व्याज कशासाठी?

तिसरं म्हणजे, भाडं मोजलंच जात नाही. ज्याच्याकडे मोठा ऑफिसचा मजला आहे आणि त्यावर एखादी कंपनी नऊ वर्षांच्या करारावर बसली आहे, त्याला येणाऱ्या भाड्यावरच कर्ज मिळतं. त्याला 'लीज रेंटल डिस्काउंटिंग' म्हणतात. भाडं थेट कर्जासाठी राखलेल्या एस्क्रो खात्यात येतं, तिथून हप्ता वळता होतो, उरलेलं मालकाला. सुंदर योजना आहे. छोट्या घरमालकाला ती बंद, कारण आमचे करार अकरा महिन्यांचे असतात. ठीक आहे, त्या भाड्यावर वेगळं कर्ज देऊ नका, पण निदान माझी परतफेडीची ताकद ठरवताना तरी ते धरा. मला सांगण्यात आलं की भाड्याची अर्धीच रक्कम उत्पन्नात धरू. दुसऱ्या ठिकाणी ऐकलं, अजिबात धरणार नाही, करार अकरा महिन्यांचा आहे आणि त्यानंतरची शाश्वती नाही. कर्जाचं खातं कुठल्या प्रकारात टाकायचं हे ठरवताना मात्र हेच भाडं ठळक दिसतं! दर वाढवायला भाडं आहे आणि पात्रता मोजायला नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर इथे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे त्याची नोंदणी बंधनकारक आहे. म्हणजे सरकारी दप्तरात नोंदलेला करार, बँक खात्यात दरमहा जमा होणारी रक्कम आणि प्राप्तिकराच्या रिटर्नमधला आकडा, असे तीन पुरावे एकमेकांशी ताडून बघता येतात. कित्येक छोट्या दुकानदारांकडे उत्पन्नाचा इतका स्वच्छ पुरावा नसतो, तरी त्यांना कर्ज मिळतं. अकरा महिन्यांनी करार संपतो हे खरं, पण घर तिथेच असतं आणि दुसरं कुटुंब राहायला येतं. गेल्या तीन वर्षांत खात्यात किती महिने भाडं आलं हे स्टेटमेंटवरून मोजा, रिकामे महिने वजा करा, आणि राहील ते धरा.

ब्रिटनमध्ये 'बाय-टू-लेट' नावाचं कर्ज १९९६ पासून वेगळा प्रकार म्हणून मिळतं. येणारं भाडं हे व्याजाच्या साधारण १२५ ते १४५ टक्के असावं, असा तिथल्या सावकारांचा हिशेब असतो, आणि उद्या व्याजदर चढला तर ते पुरेल का, ही चाचणी तिथल्या नियामकाने २०१७ पासून लागू केली. तो निकष इथे जसाच्या तसा आणा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे घराच्या किमतीच्या मानाने भाडं इतकं थोडं असतं की बहुतेक फ्लॅट त्यात नापास होतील, माझाही होईल. पण तिथे भाडं मोजायची काहीतरी लेखी पद्धत आहे, ती सगळ्यांना माहीत आहे, आणि कर्ज नाकारलं तर का नाकारलं हे माणसाला कळतं. इथे प्रत्येक शाखेचा आपापला अंदाज.

चौथी तक्रार मुदतपूर्व परतफेडीच्या दंडाची. जुलै २०२५ मध्ये आपण काढलेले निर्देश मी नीट वाचले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या फ्लोटिंग कर्जांवर व्यक्तींकडून बिगरव्यावसायिक कारणासाठी दंड घ्यायचा नाही, पैसे कुठून आणले हे विचारायचं नाही, किमान मुदतीची अट नाही. व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या कर्जावरही मोठ्या बँकांनी आणि वरच्या स्तरातल्या वित्त कंपन्यांनी व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून दंड घ्यायचा नाही. मधल्या स्तरातल्या वित्त कंपन्या आणि स्मॉल फायनान्स बँका यांच्या बाबतीत हीच सवलत ५० लाखांपर्यंतच्या कर्जाला. हे सगळं स्वागतार्ह आहे, उगाच नाक मुरडणार नाही.

पण त्यातून दोन फटी राहिल्या. एक, त्या तारखेच्या आधी 'व्यावसायिक' शिक्का बसलेली कर्जं. भाड्याच्या घरावर ज्यांना गृहकर्ज नाकारून मालमत्ता तारण कर्ज गळ्यात मारलं गेलं, त्यातले कित्येक आज या शिक्क्याखाली अडकले आहेत. त्यांना स्वस्त ठिकाणी जायचं तर आधी दंड भरायचा. दुसरी फट त्याहून वाईट : एखाद्याने एक घर भाड्याने देणं हा व्यवसाय आहे की नाही, हे व्यवहारात कर्ज देणाराच ठरवतो. कर्ज घेताना कागदावर काय लिहिलं गेलं हे माणसाला बाहेर पडायच्या वेळी कळतं. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत 'मुख्य तथ्य पत्रक' देणं आपण सक्तीचं केलंत, त्यात वार्षिक खर्चाचा दर येतो. तिथेच एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

पाचवी गोष्ट कागदपत्रांची. कर्ज फेडल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत करा आणि नोंदणीतला बोजा काढा, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्या, हा सप्टेंबर २०२३ चा आपला आदेश मी कुणालाही अभिमानाने दाखवते. पण तो कर्ज पूर्ण फेडल्यानंतरचा. कर्ज हलवताना खरा वेळ त्याच्या आधीच जातो. फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला किती रक्कम भरायची ते सांगणारं पत्र, मागितलं की 'हेड ऑफिसला पाठवलंय'. कागदपत्रांची यादी मागितली की 'सिस्टिममध्ये दिसत नाही'. मधल्या काळात ग्राहक थोपवून धरणाऱ्या रिटेन्शनवाल्यांचे फोन : मॅडम, थांबा, आम्हीच दर कमी करतो. जो दर काल शक्य नव्हता तो आज शक्य होतो! आणि शेवटी लेटर हातात पडतं तेव्हा त्यावरची मुदत इतकी जवळची असते की नव्या बँकेचा चेक तयार होईपर्यंत ती उलटून जाते. पुन्हा नवं लेटर, पुन्हा नवी तारीख.

दाद कुठे मागायची तेही सांगा. २०२१ ची आपली एकात्मिक लोकपाल योजना आखताना गृहवित्त कंपन्या बाहेर ठेवल्या गेल्या. त्यांच्या तक्रारी राष्ट्रीय आवास बँकेकडे. नियम आपले आणि गाऱ्हाणं दुसऱ्या दारात, ही विभागणी सामान्य कर्जदाराला कळत नाही आणि कळावी अशी अपेक्षाही चुकीची आहे.

प्राप्तिकराचा विषय आपल्या अखत्यारीतला नाही, म्हणून एवढंच नोंदवते. भाड्यातून तीस टक्के वजावट आणि व्याज गेल्यावर तोटा उरला, तर जुन्या कररचनेत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या रचनेत होत नाही. म्हणजे नवी रचना निवडलेल्याला जादा व्याजाचा प्रत्येक रुपया पुरता बोचतो. स्वस्त कर्जाकडे जाण्याची वाट मोकळी असणं म्हणूनच आता जास्त गरजेचं झालं आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

व्यक्तीच्या पहिल्या दोन घरांपैकी कुठलंही भाड्याने दिलं असलं तरी केवळ त्या कारणाने गृहकर्जावर किंवा बॅलन्स ट्रान्सफरवर जादा दर लावू नये, आणि ते कर्ज मालमत्ता तारण प्रकारात ढकलू नये. भांडवलाच्या नियमांत जे समान आहे ते दरातही समान ठेवा.

गृहवित्त कंपन्यांची नवीन फ्लोटिंग कर्जं बाहेरच्या मापदंडाला जोडण्याचं बंधन घाला. जुन्या ग्राहकाला त्यात यायचं असेल तर कन्व्हर्जन फीवर मर्यादा घाला आणि ती आगाऊ जाहीर करायला लावा.

नोंदणीकृत करार आणि बँक खात्यातून सिद्ध होणारं भाडं पात्रतेत कसं आणि किती धरणार, याचं लेखी धोरण प्रत्येक कर्जदात्याने संकेतस्थळावर ठेवावं. किती टक्के धरायचं ते त्यांनी ठरवावं, माझा त्यात आग्रह नाही.

व्यक्तीने भाड्याने दिलेलं निवासी घर 'व्यावसायिक कारण' ठरत नाही, हे स्पष्ट करा, आणि मुख्य तथ्य पत्रकात कर्जाचा प्रकार व दंड लागू आहे की नाही हे छापायला लावा. दंडमाफीचा फायदा १ जानेवारी २०२६ पूर्वीच्या अशा कर्जांनाही द्या.

फोरक्लोजर लेटर आणि कागदपत्रांची यादी मागणीपासून सात दिवसांत मिळावी, लेटरची मुदत किमान तीस दिवस असावी, त्यात दर दिवसाचं व्याज स्वतंत्र लिहिलेलं असावं. उशीर झाला तर कागदपत्रांसाठी आहे तशीच भरपाई इथेही लावा.

आणि गृहवित्त कंपन्यांच्या कर्जदारांना लोकपालाचं दार उघडा.

यातली एकही मागणी कर्जमाफीची किंवा सवलतीच्या दराची नाही. कर्ज मी फेडणारच आहे, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. माझ्या फाइलचा व्यवहार सध्या अडलेला आहे : जुनी कंपनी नव्या लेटरसाठी ताटकळत ठेवते, आणि नव्या बँकेचं मंजुरीपत्र या तिमाहीअखेर संपतं. या पत्राचं उत्तर आपल्या कार्यालयाकडून आलं, तर ते जसंच्या तसं मी इथे सर्वांसमोर ठेवीन.

आपली,
एका भाड्याच्या घराची मालक आणि नियमित कर्जदार